हाती पिस्तूल, तोंडी कुलूप

अलीकडे दूरचित्रवाणीच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर एका नव्या नायिकेचे राज्य सुरू झाले आहे. ती हेर आहे. ती मोटारी उडवते, तिजोऱ्या फोडते, चार भाषा बोलते, सहा पुरुषांस एकटी लोळवते, आणि एवढे करूनही तिच्या केसांची बट जागची हलत नाही. तिच्याभोवती रचलेल्या मालिकांस 'स्त्रीप्रधान' असे नाव मिळाले आहे. हे नाव उच्चारताना जाहिरातदारांचा ऊर असा काही भरून येतो की, स्त्रीस्वातंत्र्याचा प्रश्न आता आणखी एखाद्या हंगामात सुटलाच म्हणून समजावे! आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. या मालिकांनी स्त्रीच्या हाती पिस्तूल दिले, पण मत दिले नाही. ती कोणासाठी लढते, कोणाविरुद्ध लढते, आणि ज्या राज्यसत्तेच्या आज्ञेने ती माणसे मारते त्या सत्तेविषयी तिला स्वतःला काय वाटते, हे जेथे ठरते त्या खोलीचा दरवाजा तिला बंद आहे. हे आम्ही टीकेच्या भरात म्हणत नाही. एका मालिकेच्या मालकांनीच ते जाहीरपणे सांगून टाकले आहे. त्याकडे आम्ही येतोच.

हे सारे कडोदऱ्याहून लिहिले जात आहे, म्हणून कोणी हसेल. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचे हे गाव. यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने, चार रस्त्यांवरची मालमोटारींची गर्दी, आणि पोटासाठी खानदेशातून, उत्तरेकडून, ओडिशातून आलेली माणसे. येथे हेरकथेचे काय काम? काम आहे. पाळी संपवून आलेला कामगार रात्री उशाशी मोबाइल ठेवून याच मालिका पाहतो, आणि त्याच खोलीत साडीला खडे व टिकल्या चिकटवीत बसलेली त्याची बायको अधूनमधून मान वर करून तो पडदा पाहते. ही बाई अहिराणी बोलते, घरमालकिणीशी गुजराती बोलते, आणि पडद्यावरची हिंदी समजून घेते. म्हणजे चार नाहीत तरी तीन भाषा तिलाही येतात. 'स्त्रीप्रधान' या शब्दात जी स्त्री आहे, तिच्यात या बाईचा काही वाटा आहे की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम 'क्वांटिको'चे प्रकरण पाहू. कारण आपल्याकडे ज्या मालिकेने सर्वांत अधिक कौतुक मिळवले आणि सर्वांत अधिक शिव्या खाल्ल्या, ती हीच. २०१५ साली अमेरिकेच्या एबीसी या वाहिनीवर ती सुरू झाली आणि २०१८ साली संपली. नायिका ॲलेक्स पॅरिश. ती आधी अमेरिकेच्या अन्वेषण खात्यात, पुढे हेरखात्यात. ही भूमिका प्रियांका चोप्रा यांची. अमेरिकेतील एका मोठ्या वाहिनीवरील नाट्यमालिकेचा भार भारतीय अभिनेत्रीच्या खांद्यावर आल्याचा आनंद आपल्या वृत्तपत्रांनी साजरा केला, आणि तो खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु १ जून २०१८ रोजी तिसऱ्या हंगामातील एक भाग प्रसारित झाला. काश्मीरविषयी भारत-पाकिस्तानची शिखर परिषद न्यूयॉर्कमध्ये भरणार आहे, तिच्यावर अणुहल्ल्याचा घाट घातला जातो, संशय पाकिस्तान्यांवर येतो, आणि ॲलेक्स एका कटवाल्याच्या गळ्यात रुद्राक्षाची माळ पाहून उलगडा करते की, हे तर भारतीय राष्ट्रवादी. पाकिस्तानला गोवण्यासाठी त्यांनी हा उद्योग मांडला आहे. (पाकिस्तानी म्हणून वावरायला निघालेला कटवाला गळ्यात आपल्या धर्माची खूण घालून निघतो, हे कथाकाराला सुचावे आणि ते कोणाच्या नजरेस खटकू नये, यावरून ही कथा किती अभ्यासाने लिहिली असेल याची कल्पना यावी.)

मग भारतात गदारोळ उठला. अभिनेत्रीला देशद्रोही ठरवण्यापर्यंत मजल गेली. आठवडाभरातच वाहिनीने क्षमा मागितली. अभिनेत्रीनेही मागितली, आणि आपण अभिमानी भारतीय आहोत असे तिला सांगावे लागले. वाहिनीच्या क्षमापत्रात मात्र एक वाक्य असे होते की, त्याच्याकडे कोणाचे पुरेसे लक्ष गेले नाही. त्याचा आशय असा: ही मालिका प्रियांका चोप्रा यांनी निर्माण केलेली नाही, त्या ती लिहीत नाहीत, दिग्दर्शित करीत नाहीत, पात्रांच्या निवडीत किंवा कथानकात त्यांचा काही हात नाही.

वाचकांनी हे वाक्य सावकाश पाहावे. ज्या मालिकेच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर त्या स्त्रीचा चेहरा आहे, जिचे नाव सांगून ती मालिका देशोदेशी विकली गेली, तिचा त्या मालिकेत काय बोलले जावे याच्याशी काही संबंध नाही! हे तिचा बचाव म्हणून सांगितले गेले, आणि बचाव म्हणून ते खरेही आहे. पण मग 'स्त्रीप्रधान' म्हणजे काय? प्रधान हा शब्द आपल्याकडे मंत्र्याला लावतात. ज्या प्रधानाला राज्याच्या कारभारातले काही ठाऊक नसते आणि खटला भरला की मान मात्र त्याचीच पुढे करावी लागते, त्याला दरबारी भाषेत निराळा शब्द असेल. प्रधान हा नव्हे.

आणि गदारोळ करणाऱ्यांचे तरी म्हणणे काय होते? अपराधी आमच्यातला का दाखवला, एवढेच. तो शेजारच्या देशातला दाखवला असता तर हेच लोक त्या भागाला टाळ्या पिटत बसले असते. गळ्यातली माळ पाहून माणसाचा अपराध ठरवणारी ही कसली हेर, ही कसली बुद्धी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कारण दाढी पाहून अपराध ठरवणाऱ्या शंभर कथा आपण त्याआधी मुकाट्याने पाहिल्या होत्या. भांडण खलनायकाच्या जातकुळीचे झाले. नायिकेच्या डोक्याचा विषय कोणत्याच पक्षाच्या पत्रिकेवर नव्हता.

परक्यांचे अज्ञान या धंद्यात किती खोल जाते, याचा एक मासला येथे सांगण्याजोगा आहे. 'होमलँड' ही अमेरिकी मालिका २०११ ते २०२० अशी चालली. नायिका कॅरी मॅथिसन, हेरखात्यातली, मनोविकाराशी झगडणारी. तिच्या भूमिकेत अभिनयाचे जे कस लागले ते आम्ही नाकारीत नाही. २०१५ साली या मालिकेसाठी बर्लिनजवळ सिरियन निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारला, आणि भिंतींवर अरबी लिखाण हवे म्हणून काही कलावंतांस बोलावले. त्यांनी भिंतीवर अरबीत लिहिले की, 'होमलँड' वंशद्वेषी आहे. चित्रण झाले, संकलन झाले, प्रसारण झाले. नायिका त्या भिंतींजवळून चालत गेली. आणि साऱ्या लवाजम्यात ते वाचणारा एकही डोळा नव्हता. ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे कथा सांगायच्या त्यांची लिपी वाचता येणारे एक माणूस पदरी ठेवावे, इतकीही गरज त्यांस भासली नव्हती.

परंतु परक्यांस नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या घरी काय शिजते?

२०२१ च्या जूनमध्ये 'द फॅमिली मॅन' या हिंदी मालिकेचा दुसरा हंगाम आला. तसे पाहिले तर ही पुरुषाची कथा. नायक श्रीकांत तिवारी, आणि त्याचा जोडीदार तळपदे. (हेरखात्यात आमच्या वाट्याला तळपदे आला, याची आम्ही तक्रार करीत नाही, जिवाला जीव देणारा माणूस आहे.) पण त्या हंगामाचा प्राण होती ती राजी, श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांची शिकवून तयार केलेली, चेन्नईत ओळख लपवून राहणारी तरुणी. समंता रुथ प्रभू यांनी ती केली आणि उत्तम केली. ही राजी कोठे काम करते? सुताच्या गिरणीत. सकाळी गर्दीच्या बसने जाते, बसमध्ये अंगचटीला येणारा हात सोसते, गिरणीत मागे लागलेला वरचा माणूस सोसते, मान खाली घालून यंत्रापाशी उभी राहते. हा भाग पाहताना आमच्या येथील बायका हातातले काम थांबवून पडद्याकडे पाहत होत्या. नकला काढाव्यात इतका तो खरा होता. शेवटी ती हात उचलते तेव्हा तर कोणी काही बोलले नाही, पण सुस्कारा ऐकू आला.

आता पाहा. अवघ्या हिंदी हेरकथेत गिरणीत राबणारी बाई ज्या एका जागी आम्हांस ठळकपणे दिसली, त्या जागी ती शत्रू आहे. तिला देशाच्या पंतप्रधानांचा जीव घ्यावयाचा आहे. शिवाय अभिनेत्रीचा मूळचा वर्ण त्या भूमिकेला चालला नाही. तिचा चेहरा मुद्दाम काळवंडून रंगवण्यात आला. श्रमाला काळा रंग, आणि काळ्या रंगाला बंदूक! मालिका येण्याआधीच तमिळनाडू शासनाचे मंत्री मनो थंगराज यांनी केंद्र सरकारला पत्र लिहून ती रोखण्याची मागणी केली. तमिळ लोकांची विटंबना होते असा आक्षेप होता. बंदीच्या मागणीशी आम्ही सहमत नाही, पण आक्षेप पोकळ नव्हता. मात्र त्या वादात भाषेची, वंशाची, इतिहासाची चर्चा झाली. गिरणीची झाली नाही. राजीवर सैनिकांनी केलेला अत्याचार कथेत आहे. तो तिच्या सूडाचे कारण म्हणून एकदा सांगितला जातो, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि कथा पुढे नायकाच्या धावपळीस लागते. तिच्या लोकांना काय हवे होते, ते का मिळाले नाही, भारताचा त्यात काय संबंध, हे तिच्या तोंडून सलग दोन मिनिटे ऐकण्याची तयारी कथाकारांची नव्हती. गंमत अशी की, या कथेत पंतप्रधानपदीही बाईच आहे. मारणारी बाई, मरणाच्या छायेतली बाई, आणि सारी सूत्रे मधल्या पुरुषांच्या हाती.

याच अभिनेत्रीला पुढे याच दिग्दर्शकद्वयाने खरोखरीची नायिका केले. २०२४ च्या नोव्हेंबरात 'सिटाडेल: हनी बनी' आली. आता ती देखणी आहे, चित्रपटांत संधी शोधणारी नटी आहे, चेहऱ्याला काळा रंग नाही. आणि म्हणून ती आपल्या बाजूची आहे. या मालिकेच्या लेखनात एका लेखिकेचाही वाटा आहे, हे नमूद केले पाहिजे, आणि आई-मुलीचे काही प्रसंग त्यामुळेच जिवंत झाले असावेत. पण राजकारण? दोन खाजगी हेरसंस्थांची झुंज! ना देश, ना सरकार, ना जनता. राजीजवळ निदान एक प्रश्न होता. हनीजवळ केवळ एक मुलगी आणि एक शत्रू आहे. शत्रू असताना राजकारण, नायिका होताच ते हरपले: हा योगायोग आहे असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. बाई विचार करू लागली की ती धोक्याची, हे आपल्या घराघरांत मुरलेले मत या मालिकांनी फक्त पडद्यावर आणले आहे.

यावर एक ठराविक उत्तर येते. ही करमणूक आहे. जेम्स बाँडला त्याचे राजकीय मत कोणी विचारले होते काय? नाही विचारले. पण जेम्स बाँडमुळे पुरुषजात मुक्त झाली, असा डांगोराही कोणी पिटला नव्हता. बाँडला मत नसले तरी चालते, कारण तो ज्या सत्तेसाठी लढतो ती त्याच्यासारख्यांचीच आहे. त्याचे मत तेच सरकारचे मत. बाईचे तसे नाही. ज्या राज्ययंत्रणेत तिला आत येऊन फार काळ झालेला नाही, तिच्यासाठी ती जीव घेते, तेव्हा का घेतेस हा प्रश्न तिला विचारणे हेच त्या कथेचे काम असते. ते करता येते, याला पुरावाही आहे. २०१८ साली मेघना गुलजार यांनी हरिंदर सिक्का यांच्या कादंबरीवरून 'राझी' हा चित्रपट काढला. काश्मिरी मुलगी, १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी सैनिकी कुटुंबात सून म्हणून जाते, आणि शेवटी स्वतःच्या हातांकडे पाहून शहारते. या खेळात माणसाची किंमत काय, असे ती आपल्या शिकवणाऱ्यालाच विचारते. देशप्रेमाने भारलेल्या चित्रपटगृहात तो प्रश्न ऐकून क्षणभर शांतता पसरत असे, हे आम्ही अनुभवले आहे. त्या नायिकेचे मत आम्हांस पटो वा न पटो. ते तिला आहे.

सुरतेचे नाव निघाले की आमच्या मराठी वाचकांना बहिर्जी नाईक आठवतात. १६६४ च्या स्वारीआधी त्यांनी शहराची खडानखडा माहिती काढल्याची परंपरागत कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच सुरतेजवळच्या सरस गावी २५ मार्च १९२० रोजी जन्मलेल्या एका मुलीचे नाव मात्र आपल्या घरांत तितके घेतले जात नाही. उषा मेहता. आठव्या वर्षी, १९२८ साली, ती सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत होती. त्याच वर्षी आमच्या कडोदऱ्याच्या पूर्वेस, बारडोलीत, जप्तीचा अधिकारी येताना दिसला की ढोल वाजवून गाव सावध करण्याची विद्या शेतकऱ्यांनी सिद्ध केली होती. हेरगिरी म्हणजे काळा चष्मा असे ज्यांस वाटते, त्यांनी तो ढोल विसरू नये.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये सारे पुढारी तुरुंगात गेल्यावर बावीस वर्षांच्या उषाबेननी विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर या सहकाऱ्यांसह मुंबईत गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. जागा सतत बदलायची, यंत्र हलवायचे, पोलिसांची गाडी ध्वनिलहरींचा माग काढीत येई तोवर निघून जायचे: मालिकांत जे जे दाखवतात ते सारे त्यात होते. पण त्याहून महत्त्वाचे होते ते ध्वनिक्षेपकावरून काय सांगितले जाई ते. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, आणि आमच्या विदर्भातील आष्टी-चिमूर. चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांविषयी छापायला वृत्तपत्रे धजत नव्हती. ते या केंद्राने देशाला ऐकवले. राजीवरच्या अत्याचाराशी हे ताडून पाहावे. तेथे अत्याचार म्हणजे एका बाईच्या वेडाचे कारण. येथे तो राज्यकर्त्यांवर ठेवलेला आरोप.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्या पकडल्या गेल्या. महिनोन्महिने चौकशी झाली. फितूर झालीस तर परदेशी शिकायला पाठवू, असे आमिष दाखवले गेले. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांस विचारले की, उत्तरे देणे माझ्यावर बंधनकारक आहे काय? नाही, असे कळताच आपण एकाही प्रश्नाचे उत्तर देणार नाही असे त्यांनी सांगितले. ते मौन त्यांचे स्वतःचे होते. कोणी पटकथेत लिहून दिलेले नव्हते. चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ साली सुटका झाली. आणि पुढे या बाईने गांधीजींच्या विचारांवर प्रबंध लिहिला आणि मुंबईत विद्यार्थ्यांस राज्यशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

यांच्यावर २०२४ च्या मार्चमध्ये 'ऐ वतन मेरे वतन' हा चित्रपट ॲमेझॉनच्या पडद्यावर आला. सारा अली खान यांनी उषाबेनची भूमिका केली, वडील झाले आपले सचिन खेडेकर. चित्रपट काढला याबद्दल धन्यवाद. परंतु ज्या स्त्रीने पुढचे सारे आयुष्य राज्यशास्त्राला वाहिले, तिच्या विचाराची जागा चित्रपटात डबडबलेल्या डोळ्यांनी आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या एका तरुणाने अडवली आहे. ती भावनेने पेटते, धावते, रडते. ती वाचते, वाद घालते, बातमी निवडते, हे फार थोडे. संपाची बातमी आधी सांगावी की बाँबफेकीची, यावर चार तरुण एका बंद खोलीत कसे भांडले असतील! त्या भांडणात नाट्य नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी हेरकथा लिहू नये. लग्नाच्या मालिका लिहाव्यात, तेथे मागणी आहे.

आमच्या कोंकणी वाचकांस याच जातीचे दुसरे उदाहरण सांगण्याची गरज नसावी. तरी मराठी वाचकांसाठी सांगतो. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या सरहद्दीवरच्या रानातून, मालमोटारीवर बसवलेल्या यंत्रावरून, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध गुप्त नभोवाणी चालवली. पोर्तुगीजमधून तिचे नाव 'व्होझ द लिबर्दाद', कोंकणीतून 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. आधी आंबोलीचे रान, मग कॅसलरॉकची बाजू. पाऊस, जळवा, साप. आणि सहा वर्षे रोज पोर्तुगीज सरकारच्या दाव्यांस मुद्देसूद उत्तर. रोज! पिस्तुलाचा एक बार काढायला लागते त्याहून किती अधिक तयारी त्याला लागत असेल, याचा हिशेब ज्याने कधी एक अग्रलेख लिहिला आहे त्याने करावा. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री जाहीर झाली.

आज स्त्रीप्रधान हेरकथेस विषय मिळत नाही, असे निर्मात्यांनी म्हणू नये. १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजीवरून एक विमान घिरट्या घालीत होते. त्याला ध्वनिवर्धक लावलेला होता. आणि आतून तेच दोघे, ज्यांना सहा वर्षे आवाज होता पण चेहरा नव्हता, खालच्या लोकांना पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत सांगत होते की, गोवा मुक्त झाला. खाली माणसे घराबाहेर येऊन वर पाहत होती. हे दृश्य ज्या मालिकेच्या शेवटी असेल, आणि त्याआधीच्या दहा भागांत ती बाई काय बोलली ते ज्यात ऐकू येईल, अशी मालिका अजून आमच्या पाहण्यात आलेली नाही.